रॅम नंतर वाढवता येते, ग्राफिक्स कार्ड नाही : इंजिनिअरिंगच्या मुलाने गेमिंग लॅपटॉप घेताना काय बघावं

विचारणारा मुलगा बदलापूरचा, बांद्र्याच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला, रोज ट्रेनने ये-जा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : बाबा एकदाच ७५ हजार देणार, मग चार वर्षं मागायचे नाहीत. सॉलिडवर्क्स आणि अ‍ॅन्सिस ही इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअर चालली पाहिजेत, रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम, सुट्टीत मोठे गेम. दुकानदार म्हणाला, "अभी ये ले लो, बाद में रॅम, ग्राफिक कार्ड सब बढ़ा देंगे." तर घेऊ का, आणि अपग्रेड घरच्या घरी जमतं का?

आधी त्या दुकानदाराचं बोलणं डोक्यातून काढून टाक. मी २००७ पासून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात लॅपटॉप दुरुस्तीला बसलोय आणि आजही आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी मुलगा येतो, काका यात मोठं ग्राफिक्स कार्ड टाकून द्या, आणि मला त्याला नाही म्हणावं लागतं, वाईट वाटतं कारण त्याला ते विकत घेतानाच कोणीतरी सांगायला हवं होतं. लॅपटॉपमधला ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो, प्रोसेसर पण तसाच. पूर्वी काही महागड्या मशीनमधे वेगळं निघणारं कार्ड यायचं पण तुझ्या बजेटमधे आज तसं काही मिळत नाही. बाहेरून कार्ड लावायचा डबा मिळतो खरा, पण त्याला थंडरबोल्टसारखं वेगवान पोर्ट लागतं जे या किमतीच्या मशीनवर बहुतेक वेळा नसतं, आणि डबा अधिक कार्ड अधिक पॉवर सप्लाय असा हिशोब केलास तर जवळजवळ दुसरा लॅपटॉपच आला.

म्हणून पैसे कुठे घालायचे ते ठरवताना एकच गोष्ट बघ, हे नंतर बदलता येतं का. ग्राफिक्स, प्रोसेसर, कूलिंग, बिजागरी आणि आत किती स्लॉट दिलेत हे जन्माला आलं तसंच राहणार, तिथे हात आखडू नकोस. रॅम, एसएसडी, बॅटरी, वायफाय कार्ड हे नंतर होतं. स्क्रीन तांत्रिकदृष्ट्या बदलता येते पण विद्यार्थ्याच्या खिशाला ती परवडत नाही म्हणून ती पण पहिल्या यादीत धर.

आता ग्राफिक्स. बहुतेक मुलं फक्त नंबर बघतात, ४०५० का ४०६०, आणि इथेच फसतात. लॅपटॉपच्या चिपला कंपनी किती वॅट पाजते त्यावर सगळा खेळ आहे. एनव्हिडियाचा आरटीएक्स ४०५० आणि ४०६० दोन्ही लॅपटॉपमधे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येतात, नाव तेच, स्टिकर तेच. पातळ देखण्या लॅपटॉपमधे ४५ वॅटवर बांधून ठेवलेला ४०६० हा जाड मशीनमधल्या १०० वॅटच्या ४०५०च्या मागे पडू शकतो. त्यामुळे दुकानात नुसतं "कौनसा कार्ड है" विचारून थांबू नकोस, कितने वॅट का है हे विचार, आणि सांगता आलं नाही तर डेमो मशीनवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमधे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेलं असतं ते वाच. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानदार वैतागला तर दुसऱ्या दुकानात जा, रस्त्यावर दुकानं भरपूर आहेत.

दुसरं म्हणजे ग्राफिक्सची स्वतःची मेमरी. ४ जीबी नकोच. ३०५० चा ४ जीबीवाला अजून स्वस्तात दाखवतात, आणि व्हॅलोरंट त्यावर मस्त पळतं म्हणून मुलाला पटतं, पण सुट्टीत जे मोठे गेम खेळायचे म्हणतोस तिथे टेक्श्चर म्हणजे चित्रातला बारकावा कमी करत करत शेवटी चिखल दिसायला लागतो. ६ जीबी हा माझ्या मते आज तळ आहे आणि ८ जीबी मिळाला तर चार वर्षं निवांत. ७५ हजारात ताकदवान वॅटचा ४०५० किंवा त्या तोडीचा ५०५० जमत असेल तर तोच घे. ५०५० मधे ८ जीबी येते, ही त्याची मोठी जमेची बाजू. एएमडीच्या रेडिऑन चिपवर गेम छान चालतात पण तुला पुढे पायथनमधे मशीन लर्निंग वगैरे करावंसं वाटलं, आणि हल्ली मेकॅनिकलच्या मुलांना पण वाटतं, तर तिथलं बरंचसं सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा (CUDA) या प्रणालीवर बेतलेलं आहे, म्हणून विद्यार्थ्याला मी एनव्हिडियाच सुचवतो. आणि कोणी मॅकबुक सुचवलं तर सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं हे लक्षात ठेव.

प्रोसेसरच्या नंबरांनी माणूस चक्रावतो ते साहजिक आहे. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघ, ७५३५ मधला ३ म्हणजे जुनी झेन ३ ची बांधणी, ७८४० मधला ४ म्हणजे झेन ४. पुढचा ७ दोन्हीकडे आहे म्हणून दोन्ही एकाच पिढीचे असं समजू नकोस. आणि एक खास सांगतो कारण हे कोणी सांगत नाही, रायझन ७ ७४३५ एचएस नावाचा एक प्रोसेसर बऱ्याच बजेट गेमिंग लॅपटॉपमधे येतो, ताकद चांगली आहे, पण त्यात अंगभूत ग्राफिक्सच नाही. म्हणजे तू नुसती पीडीएफ वाचत असलास तरी मोठं ग्राफिक्स कार्ड जागं राहणार आणि बॅटरी भरभर उतरणार. घरी टेबलावर प्लग लावून वापरणाऱ्याला तो चालेल, लेक्चरला घेऊन जाणाऱ्याला नाही. इंटेलमधे आय ५ १२४५० एच आणि १३४२० एच दोन्हीत ८ कोअर, १२ थ्रेड, नुसत्या १३ या आकड्यासाठी पाच हजार जास्त मोजू नकोस. खरं सांगायचं तर तुझ्या बजेटमधे प्रोसेसर सगळे पुरेसे आहेत, तिथे फार डोकं घालवण्यात अर्थ नाही.

स्क्रीनवर मात्र डोकं घाल. १४४ हर्ट्झ असं ठळक छापतात आणि खाली बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलेलं असतं, ती स्क्रीन फिकी, रंग मेलेले, आणि चार वर्षं रोज तिच्याकडे बघायचंय. १०० टक्के एसआरजीबी (हे पण रंगांचंच माप) आणि किमान ३०० निट्स उजेड असलेली शोध. आमच्याकडे मुलं लॅपटॉप हळू चालतो म्हणून येतात तेव्हा उपाय असतो, स्क्रीन आवडत नाही म्हणून आली तर काही करता येत नाही.

रॅमबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथे जुना सल्ला आता चालत नाही. इतकी वर्षं मी सगळ्या पोरांना सांगायचो, ८ जीबीवाला घे, वाचलेल्या पैशात बाजारातून अजून ८ ची पट्टी आण, कंपनीपेक्षा स्वस्त पडेल. २०२५च्या दिवाळीनंतर हे गणित उलटलं. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल तिकडे वळवला आणि सुट्या रॅमचे भाव असे चढले की आमच्या धंद्यात कोणी पाहिले नव्हते. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मधे आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, जी पट्टी मी डोळे झाकून लावायचो ती. त्यामुळे आता घेताना १६ जीबी आतच मिळत असेल आणि फरक सुट्या पट्टीच्या भावाएवढा किंवा कमी असेल तर सरळ १६ वाला घे, त्याच दिवशी बाजारात पट्टीचा भाव विचारून मगच ठरव. अ‍ॅन्सिसचं विद्यार्थ्यांसाठीचं फुकट व्हर्जन मिळतं, त्यात मॉडेल किती मोठं असावं यावर मर्यादा असते, त्यामुळे त्याला १६ पुरतात. ३२ ची घाई नको.

पण १६ कशी आहे ते बघ. एकच १६ ची पट्टी आणि दोन ८-८ च्या पट्ट्या यात फरक पडतो, दोन असल्या की प्रोसेसर दोन्हीकडून एकदम डेटा घेतो. व्हॅलोरंटसारखा गेम प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो, तिथे एका पट्टीवर सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) बरे दिसतात पण मधेमधे झटके बसतात, नेमके समोरचा कोपऱ्यातून आला की. त्यात एक पेच आहे, ८-८ घेतलीस तर दोन्ही स्लॉट भरले, उद्या वाढवताना जुन्या काढाव्या लागणार. आजच्या भावात मी तरीही ८-८ घेईन, कारण रोजचा फायदा आजपासून मिळतो. आणि हे तेव्हाच जेव्हा स्लॉट खरोखर आहेत. हल्ली काही बारीक लॅपटॉपमधे रॅमसुद्धा बोर्डवर सोल्डर केलेली असते, एलपीडीडीआर लिहिलं असेल तर विषय संपला. डेमो मशीनवर टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समधे मेमरीवर क्लिक कर, तिथे किती स्लॉटपैकी किती वापरात आहेत ते दिसतं आणि फॉर्म फॅक्टरमधे एसओडीआयएमएम असेल तर पट्टी, रो ऑफ चिप्स असेल तर सोल्डर. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ ची खाच वेगळ्या जागी असते, एकाची पट्टी दुसऱ्यात जात नाही, जबरदस्ती करणारे पण मी पाहिलेत, स्लॉट तुटून बोर्डचं काम निघालं.

एसएसडीचं सोपं आहे. आत दुसरा एम डॉट टू स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) रिकामा आहे का एवढं विचार, असला तर ५१२ जीबीवर सुरुवात कर, दोन-तीन मोठे गेम आणि सॉलिडवर्क्स टाकलं की ती भरते, मग सवडीने दुसरी लाव. एकच स्लॉट असेल तर सुरुवातीलाच १ टीबी घे. लांबी बघ, नेहमीची २२८० असते पण काही ठिकाणी छोटी २२४२ च बसते. जेन ४ ची ७००० एमबी प्रति सेकंद आणि जेन ३ ची ३५०० यातला फरक गेम उघडताना तुला जाणवणार पण नाही, त्यापेक्षा क्यूएलसीऐवजी टीएलसी प्रकारच्या मेमरीची घे, मोठ्या फाइल कॉपी करताना ती दमत नाही.

आता घरी उघडायचं का. हो, जमेल, शांतपणे केलंस तर. आधी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोध, लेनोव्हो आणि एचपी आपली मॅन्युअल जाहीर ठेवतात, कुठला स्क्रू कुठे ते फोटोसकट असतं. आणि उघडलं तर वॉरंटी जाते का हे त्या मॉडेलपुरतं कस्टमर केअरला ईमेलवर विचारून लेखी उत्तर ठेव, तोंडी नको. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिला फोनवर सांगितलं रॅम टाका काही हरकत नाही आणि नंतर कीबोर्ड बिघडला तेव्हा सर्व्हिस सेंटरने स्क्रूवरचं स्टिकर फाटलंय म्हणून परत पाठवलं, हातात लेखी काहीच नाही, बिचारी तीन फेऱ्या मारून शेवटी पैसे भरून मोकळी झाली.

उघडण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवरून बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क लॉक करणारं कुलूप) रिकव्हरी की लिहून घे, कागदावर. विंडोज ११ मधे डिस्क बऱ्याचदा आपोआप लॉक झालेली असते, पुष्कळांना ठाऊक पण नसतं, आणि बायोसमधे (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) काही हललं की ती की मागते, की नाही तर डेटा गेला, चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट असा गेलेला मी पाहिलाय. मग पूर्ण शटडाउन, चार्जर काढ, स्क्रू ज्या जागी होते तसेच कागदावर चिकटपट्टीने लाव कारण लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर थेट बोर्डात घुसतो. झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर वापरू नको, जुनं प्लॅस्टिकचं एटीएम कार्ड घे. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, बाकी सगळं नंतर. मी सुरुवातीच्या दिवसांत एकदा घाईत बॅटरी न काढता पट्टी बसवली होती आणि एका गिऱ्हाइकाचा बोर्ड गेला, पैसे माझ्या उस्तादांनी भरले, तेव्हापासून हात आधी तिथेच जातो.

रॅम तिरकी घालायची, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपचा टक आवाज आला पाहिजे. आणि डीडीआर ५ टाकल्यावर पहिल्यांदा चालू केलंस की स्क्रीन काळीच राहील, मिनिटभर, कधी दोन-तीन मिनिटं. घाबरून बटण दाबून बंद करू नकोस, मशीन नवीन रॅम ओळखून घेत असतं. अर्धी मुलं इथेच घाबरतात आणि माझ्याकडे धावत येतात, मी चहा मागवतो आणि तेवढ्यात लॅपटॉप आपोआप चालू होतो. नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना लायसन्सची काळजी नको, ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं, नेटला लागलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. इंटेलच्या मशीनमधे इन्स्टॉल करताना डिस्कच दिसली नाही तर एसएसडी खराब नाही, कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटी नावाचा डिस्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन लोड ड्रायव्हरमधून दे, दिसेल. बायोसमधली सिक्युअर बूट आणि टीपीएम ही सुरक्षेची सेटिंग मात्र बंद करू नकोस, व्हॅलोरंट विंडोज ११ वर त्याशिवाय उघडत नाही.

आता आपल्या मुंबईचं. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा आणि वर वीट असावी तसा चार्जर, तो घेऊन तू बदलापूरहून दादर आणि तिथून वेस्टर्नला बदलणार. गर्दीत बॅग पाठीला असली की मागचा माणूस पूर्ण वजनाने दाबतो आणि स्क्रीन आतून फुटते, बाहेर ओरखडा नसला तरी दाबाने फुटलेली म्हणून वॉरंटीत बसत नाही. जून ते सप्टेंबर माझ्याकडे सगळ्यात जास्त काम याचंच आणि पाण्याचं. बॅग पुढे घे, लॅपटॉपवर चार्जर ठेवू नकोस, वेगळ्या कप्प्यात ठेव, रॅकवर ठेवलास तर नजर तिथे. अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजचं कव्हर मिळत असेल तर इतर मुलांना मी सांगत नाही पण ट्रेनने येणाऱ्याला सांगतो, घे. भिजून घरी आलास तर बॅगेतून काढून पंख्याखाली ठेव, लगेच चालू करू नको. समुद्राजवळच्या, वर्सोवा, माहीमकडच्या मशीनचे रॅमचे पाय काळे पडतात, खोडरबरने हलके घासले की बरेचदा तेवढ्यानेच काम होतं, बदलापूरला तो त्रास कमी पण धूळ आहे. दर सहा-आठ महिन्यांनी फॅनची धूळ ब्लोअरने काढ, फॅनची पाती बोटाने धरून, नाहीतर वेगाने फिरून बेअरिंग जातं. गादीवर ठेवून खेळू नकोस, खालून हवा ओढणारी भोकं बंद होतात, मागच्या बाजूला दोन जाड वह्या ठेवून उचललास तरी तापमान उतरतं. आणि मेटल बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा लॅपटॉप बिघडलेला नसतो, घरातल्या प्लगला अर्थिंग नसतं, जुन्या चाळी आणि बिल्डिंगमधे हे सर्रास असतं, बाबांना सांगून वायरमनकडून तेवढं करून घे.

बॅटरीवर गेम खेळायचा विचारच करू नकोस, प्लग काढला की ग्राफिक्सला वॅट मिळत नाहीत, हे सगळ्या कंपन्यांच्या मशीनमधे होतं. घरी सतत प्लगला असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबव, चार वर्षांत बॅटरी फुगण्याची शक्यता खूप कमी होते.

लेनोव्होचा लॉक, एचपीचा व्हिक्टस, आसुसचा टफ, एसरचा नायट्रो, तुझ्या बजेटला या चारांत फिरशील. नावावर जाऊ नकोस, एकाच नावाखाली बरे आणि वाईट दोन्ही कॉन्फिगरेशन असतात, वर सांगितलेल्या गोष्टी कागदावर लिहून ने आणि प्रत्येकाला विचार. बिल जीएसटीचं पक्कंच घे, लॅपटॉपवर १८ टक्के असतो, बिलाशिवाय पाच हजार कमी सांगतील पण चार वर्षांत वॉरंटी लागली की ते पाच हजार कुठेच पुरत नाहीत. बिलावर सिरियल नंबर लिहून घे आणि डब्यावरच्या नंबरशी तिथेच जुळव, कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघ, आधीच दोन महिने गेलेले दिसले तर पीस बदलून माग.

बाबांना घेऊन ये, त्यांना पण समोर बघू दे. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतर, लॅमिंग्टन रोड म्हणजेच भडकमकर मार्ग, चालत पाच-सात मिनिटं. रविवारी नको, बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी गर्दी, मंगळवार-बुधवारी सकाळी अकरा-साडेअकराला आलास तर दुकानदाराकडे तुला डेमो मशीन उघडून दाखवायला वेळ असतो.